वारंवार हात धुणे : खोड नव्हे, आजार

(गुरुकुंज मोझरी येथे विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात आपण दरवर्षी शिक्षणावर बोलतो, व्यसनमुक्तीवर बोलतो, मुलामुलींच्या नोकरीवर बोलतो. यंदा समितीने आम्हां दोघांना आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही एका आजारी मुलीचे आईवडील आहोत. बारा वर्षे हा आजार आमच्या घरात आहे. त्यातून जे शिकलो, तेवढेच आपणासमोर मांडणार आहोत.

मुलीची परवानगी घेऊनच आम्ही उभे आहोत. तिने दोन अटी घातल्या. नाव घ्यायचे नाही, आणि ऐकणाऱ्याला कीव येईल असे बोलायचे नाही. नाव तर सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, पण अट ती अट!

या आजाराचे इंग्रजी नाव ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी. यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे नको असलेला विचार. तो माणूस बोलावत नाही, तरी पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि भीती घालतो. दुसरी म्हणजे ती भीती शमवण्यासाठी केलेली कृती. हाताला घाण लागली, हा विचार. धुणे, ही कृती. कुलूप लागलेच नसेल, हा विचार. दहादा परत येऊन कुलूप ओढून पाहणे, ही कृती. काही जणांची कृती तर दिसतच नाही. ते मनातल्या मनात आकडे मोजतात, नाहीतर एकच वाक्य घोळवत बसतात.

जगभरच्या पाहण्यांवरून असे दिसते की शंभरातल्या एक-दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे पाचशे माणसांच्या वस्तीत पाच ते दहा जण निघू शकतात. बहुतेकांना तो लहानपणी नाहीतर ऐन तरुणपणी, शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. माणूस लाजेने लपवतो, घरचे खोड समजतात, आणि उपचाराविना वर्षे निघून जातात.

आपल्या भागात हा आजार ओळखणे अधिक कठीण. कारण आपण स्वच्छतेचे भोक्ते. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी खराट्याने गावे झाडली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम उभा केला आणि ग्रामसफाई घरोघर शिकवली. अशा गावात पोरगी हात धुते म्हटल्यावर कोणाला काय वाटणार? "लय टापटीप आहे पोट्टी!" असेच आधी सगळे म्हणत.

मग फरक ओळखायचा कसा? स्वच्छता संपते, आजार संपत नाही. खराटा मारून झाला की माणूस तो कोपऱ्यात ठेवतो, अंगणाकडे बघतो, त्याला बरे वाटते. आजारी माणसाचे हात स्वच्छ झालेले डोळ्यांना दिसतात, पण मन ते मानत नाही. २०२० साली करोनात वीस सेकंद हात धुवा म्हणून सगळ्यांनाच सांगत होते. आपण वीस सेकंद धुऊन मोकळे होत होतो. आमच्या घरात ते वीस सेकंद दीड तासाचे झाले होते. रोज तासाभराहून अधिक वेळ अशा विचारांत आणि कृतींत जात असेल, शाळा-कामधंदा अडत असेल, आणि करणाऱ्याला स्वतःलाच त्याचा त्रास होत असेल, तर ती खोड नव्हे. डॉक्टरला दाखवावे.

आमच्या मुलीचे सुरू झाले बारावीच्या वर्षी. नळ एक दिवसाआड येणारा. भरलेला ड्रम दुपारपर्यंत रिकामा. एका वेळी गुंडभर पाणी नुसते हातांवर. कपड्याच्या साबणाने धुऊन धुऊन बोटांच्या पेरांतून रक्त यायचे. लिहिलेले पान चुकले असेल म्हणून ती फाडायची, पुन्हा लिहायची. परीक्षेत पेपर अर्धाच राहिला. ती आम्हाला म्हणायची, "मले समजते का हात साफ आहे, पण थांबता येत नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. या आजारातल्या बहुतेकांना आपले वागणे निरर्थक आहे हे कळत असते. म्हणून "तुला समजत नाही का?" हा प्रश्न त्यांना सर्वांत जास्त लागतो.

आता लोक काय म्हणाले ते सांगतो. "बाहेरचं आहे, सैलानीले घेऊन जा." "लगन करून टाका, आपोआप बरी होईन." "दोन थापडा द्या, सुधरते." आणि एक बोलणे असे होते की ते आपल्याच समाजातले लोक बोलू शकतात. नात्यातल्या एक बाई तिला म्हणाल्या, "बाबासाहेबांनं विटाळ संपवला, अन् तू घरच्याच माणसाचा विटाळ धरतं काय?"

बंधू-भगिनींनो, या बोलण्यावर थोडे थांबू या. आपल्या वाडवडिलांनी स्पर्शाचा अपमान सोसला आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, तिचे अध्यक्षही बाबासाहेब होते. अशा घरात लेक बापाने लावलेल्या दाराच्या कडीला हात लावत नाही, आईने दिलेला ग्लास पुन्हा विसळते, हे पाहून जुनी जखम उघडी पडते. राग येणे साहजिक आहे.

पण विटाळ आणि हा आजार एक नव्हे. विटाळ पाळणारा समोरच्याला हलका समजतो, स्वतःला उंच समजतो, आणि त्यात त्याला अभिमान असतो. त्याच्यामागे जातीचे बळ असते. आजारी माणसाला अभिमान कसला? त्याला लाज असते. तो कोणाला हलके समजत नाही, स्वतःच्याच हातांना घाबरतो. म्हणून अशा मुलीला विटाळाचे बोल लावणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालत का नाही म्हणून मारणे. मराठीत या लक्षणांना 'मंत्रचळ' असा जुना शब्द आहे, पण तोही बहुधा चिडवण्यासाठीच वापरतात. आपल्या वस्तीत तो कोणाला चिकटवू नये.

आणखी एक गोष्ट, जी लोक सांगायला धजत नाहीत. काही जणांना हात धुण्याचा त्रासच नसतो. वंदनेला बसले की त्यांच्या मनात बुद्धमूर्तीविषयी, बाबासाहेबांच्या फोटोविषयी घाणेरडे शब्द येतात. एखाद्या बाळंतिणीला वाटते, हातातला विळा आपण बाळालाच मारला तर? ही माणसे त्या विचारांनी थरथरतात. कोणी विहारात येणे सोडतो, कोणी बाळाला जवळ घेणे सोडते. त्यांना वाटते, आपण पापी आहोत. तसे नाही. ज्या गोष्टीवर माणसाचे सर्वांत जास्त प्रेम, तिथेच हा आजार बोट ठेवतो. त्या विचारांची किळस येते, भीती वाटते, हीच त्याची खूण. ही विचारांची शिवीगाळ आजाराची आहे, माणसाची नाही. डॉक्टरांना ती मोकळेपणी सांगावी, त्यांनी हे पुष्कळदा ऐकलेले असते. मात्र कानात आवाज येत असतील किंवा जीव देण्याची भाषा निघत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

आता उपचाराकडे वळू. पहिल्यांदा एका ठिकाणी आम्हाला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. मुलगी झोपली, उठली आणि पुन्हा न्हाणीत गेली. झोप हा या आजाराचा इलाज नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञ भेटले, तेव्हा खरा उपचार सुरू झाला. त्याचे दोन पाय आहेत.

पहिला पाय औषधाचा. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करणाऱ्या गोळ्या यात देतात. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामीन ही त्यांची नावे. क्लोमिप्रामीन हे जुने औषधही उपयोगी पडते. यांचे व्यसन लागत नाही. पण गुण यायला वेळ लागतो. पुरेशा मात्रेत आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि मात्राही उदासीच्या आजारापेक्षा बहुधा जास्त लागते. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते. तेव्हा गोळी आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांना कळवावे. बरे वाटले तरी वर्ष-दोन वर्षे औषध चालते, आणि ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

दुसरा पाय सरावाचा. १९६६ साली व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये दोन रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध केले. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई. पद्धत अशी : ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे, पण नेहमीची कृती करायची नाही. एकदम नाही, पायरी-पायरीने. आमच्या मुलीने समुपदेशकांबरोबर बसून दहा पायऱ्यांची यादी केली. पहिली पायरी, दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटे न धुता बसायचे. शेवटची पायरी, सगळ्यांच्या चपला उचलून जागेवर ठेवायच्या आणि तशीच अंगणात गप्पा मारायच्या.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे तिला तासासारखी गेली. घाम फुटला, छाती धडधडली. पण भीती चढते तशी उतरतेसुद्धा, न धुता उतरते. धुतल्यावर लगेच बरे वाटते, म्हणूनच मेंदू शिकतो की धुतल्याशिवाय सुटका नाही. न धुता भीती उतरली की मेंदू दुसरे काही शिकू लागतो. हा अनुभव शंभरदा घ्यावा लागतो. ती शेवटच्या पायरीवर पोहोचायला सात महिने लागले.

यात घरच्यांचे काम मोठे. आजारी माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, "साफ झाले ना? नक्की ना?" घरचे प्रेमापोटी शंभरदा हो म्हणतात, पाणी भरून देतात, कपडे बदलतात. त्याने घटकाभर शांतता मिळते आणि आजाराला खुराक मिळतो. हे बंद करायचे, पण रागाने आणि एका दिवसात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, आजारी माणसाशी आधी ठरवून, थोडे थोडे. आमचे ठरलेले उत्तर होते : "हा प्रश्न आजार विचारतो आहे, आपण उत्तर देणार नाही. चल, भाजी निवडू."

काही जण विचारतात, विपश्यनेला पाठवू का? ध्यानाने मनाला स्थैर्य येते हे खरे. पण दहा दिवसांचे शिबिर म्हणजे या आजाराचा उपचार नव्हे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती खरीखुरी लिहावी आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली, हे आपण जाणतोच. विनयपिटकाच्या महावग्गात चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. त्यात औषध घेणे आहे, आणि सेवा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगणे हेही आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे नाही.

जायचे कुठे? अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, तिथे मानसोपचार विभागाची चौकशी करावी. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, अकोल्याचे आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथेही हे विभाग आहेत. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येते, गेले की डांबून ठेवतात हा गैरसमज आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला, आणि आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचाही. घरबसल्या बोलायचे असेल तर टेलिमानस हा फोन आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सुरू झाला. रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

आमची मुलगी आज पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा, लग्नकार्य, घरातले दुखणे आले की आजार डोके वर काढतो. तेव्हा ती पुन्हा यादी काढते, गरज पडली तर डॉक्टरांकडे जाते. पण ती पदवीधर झाली, आणि आता झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांच्या हातचे कागद घेते-देते. आमच्या दृष्टीने ही मोठी मजल आहे.

शेवटी विहार समितीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, विहाराच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा. दोन, पहिल्यांदा दवाखान्यात जाणाऱ्या कुटुंबासोबत जायला महिला मंडळातून दोन आणि तरुणांतून दोन अशी चार माणसे ठरवावीत. पहिल्या खेपेला सोबत असली की निम्मी भीती जाते. तीन, ही माणसे जे ऐकतील ते पारावर येता कामा नये. मुलीचे लग्न मोडेल या धाकाने घरे गप्प बसतात, आणि तो धाक घालणारे आपणच असतो. तो आपणच काढू शकतो.

या चार माणसांत आमची दोन नावे आजच लिहून घ्यावीत, अशी विनंती करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!