शस्त्र आपले, सुटा भाग कोणाचा?



राजापूरचे इंग्रज स्वतःला निव्वळ व्यापारी म्हणवीत. तरीही १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात ते तोफगोळे घेऊन सिद्दी जौहरच्या गोटात उभे राहिले. शिवरायांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून त्यांना कैद केले. शस्त्रे पुरविणाऱ्याची निष्ठा त्याच्या सोयीप्रमाणे फिरते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

स्वतंत्र भारतालाही तो गिरवावा लागला. १९९१ साली सोव्हिएत ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनाचा करार झाला. क्षेपणास्त्रांचे निमित्त पुढे करून अमेरिकेने १९९२ मध्ये निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह जीएसएलव्ही यशस्वी झाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. या तपश्चर्येत घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या विक्रोळीचा वाटा मोठा आहे. कुलपे-कपाटांसाठी घरोघरी ठाऊक असलेल्या गोदरेजने अग्निबाणांची इंजिने आणि ब्राह्मोसच्या सांगाड्याचे भाग घडविले.

मात्र धोका संपलेला नाही. तो शस्त्रातून सुट्या भागात शिरला आहे. ८३ ‘तेजस मार्क-१ए’ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला; त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये. विमान आपले, वेळापत्रक परक्याचे! फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांच्या कारणावरून लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार रद्द करावे लागले. लेबनॉनमध्ये तर १७ सप्टेंबर २०२४ रोजी खिशातले पेजरच फुटले. स्फोटके ते ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्यांत दडविली गेली होती.

म्हणून जोडणारे हात स्वदेशी असले, एवढ्याने शस्त्र स्वदेशी ठरत नाही. प्रत्येक भागाचे मूळ, पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत, नोंदलेले हवे. मोक्याच्या भागाला दुसरा पुरवठादार हवा, युद्धकाळाला पुरेल असा साठा हवा आणि आयात भाग उघडून तपासणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात. सर्व काही देशातच घडेल, असा आग्रह व्यवहार्य नाही. पण कोणता भाग अडला तर सेना अडेल, हे ठाऊक असलेच पाहिजे.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या लघुउद्योगांचे स्थान येथेच आहे. सर्वांत कमी बोलीच्या निविदेमुळे बाहेरचा स्वस्त भाग आपल्या शिक्क्याखाली खपविण्याचा मोह होतो. खरेदीच्या निकषांत विश्वासार्हतेलाही मोल मिळाले, तर हा मोह आवरेल. लेथवर प्रामाणिकपणे घडलेला छोटासा भागही सीमेवरच्या जवानाचे कवच असतो.