मागावरचे सूत, चाळीतला कांदा



मोसम आणि गिरणेच्या संगमावरच्या मालेगावात राज्यभरातून आलेल्या प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थ्यांचे आणि पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचे मनापासून स्वागत. नारोशंकर राजेबहादूरांचा किल्ला, रात्रंदिवस खडखडणारे माग, मराठी, उर्दू आणि अहिराणी एकाच दमात बोलणारा बाजार, असे हे आमचे गाव. वनस्पतींच्या उत्क्रांतीवरच्या आणि जनुकांवरच्या संमेलनाला मालेगावच कशाला, असे काहींनी विचारले. त्यांना उत्तर देण्याचा मान मला स्वागताध्यक्ष म्हणून आयताच मिळाला आहे.

मी यंत्रमागवाला. माझ्या मागावरच्या सुतातला कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, इंचभर वाढलेली. देशी कापसात 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकी कापसात 52. सुमारे 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियाकडच्या कापसाच्या कुळातले बी समुद्रापलीकडे अमेरिकेत पोहोचले, तिथल्या रानकापसाशी त्याचा संकर झाला आणि दोन्ही घरची गुणसूत्रे एकाच झाडात नांदू लागली. त्या अमेरिकी रानकापसाला कातण्याजोगा धागा येत नाही. तरीही संकरानंतर धाग्याच्या घडणीत त्याच्याकडची जनुकेही राबतात. 2015 साली या संकरित कापसाचा जनुकसंच वाचला गेला. आपल्याकडे आज पिकणारा बहुतेक कापूस याच संकरित वंशाचा, म्हणजे त्या लाखो वर्षांपूर्वीच्या सोयरिकीवर आमच्या गावाची चूल पेटते.

पण आज मला बोलायचे आहे ते कांद्यावर. जवळच्या मुंगसे गावच्या बाजारात ट्रॅक्टरची रांग लागते तो आमचा कांदा.

माणसाच्या जनुकसंचात 300 कोटींहून थोडी जास्त अक्षरे आहेत, कांद्याच्या जनुकसंचात सुमारे 1600 कोटी. म्हणजे पाचपट, तेही अवघ्या 16 गुणसूत्रांत. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ रायन ग्रेगरी यांनी 2007 मध्ये यावरून एक खोडसाळ प्रश्न टाकला. डीएनएचा कणन् कण कामाचाच असतो असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे, की कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए कशाला लागतो? अभ्यासक याला 'कांद्याची कसोटी' म्हणतात. कांद्याच्या डीएनएतला मोठा भाग उड्या मारणाऱ्या जनुकांच्या नकलांचा. अशी जनुके बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधली आणि त्यांना 1983 साली नोबेल मिळाले. या नकलांच्या गर्दीमुळेच कांद्याचा पहिला जनुकसंच जुळवायला 2021 उजाडले. जिथे भावाचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही, तिथे पिकाच्या पोटातलेही गणित अवघडच निघाले, याचे आम्हा मालेगावकरांना नवल वाटले नाही.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले, की कांद्याने गड्डा कधी धरायचा आणि डोंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, कधी काढायचा, हे एकाच कुळातली वेगवेगळी जनुके ठरवतात. एक जनुक दिवसाची लांबी पाहून गड्डा धरायला लावते, दुसरे तोवर त्याला अडवून धरते आणि तिसरे थंडी खाल्ली की फुलोरा काढते. विक्रीच्या कांद्यात डोंगळे दिसले की व्यापारी भाव पाडतो, त्याचे मूळ या तिसऱ्यात आहे. आपला कांदा साडेअकरा-बारा तासांच्या दिवसात पोसतो. युरोपातल्या जातींना त्याहून मोठा दिवस लागतो, म्हणून तिकडचे बी इथे पेरले तर नुसती पात हाती येते.

आता माझा आग्रह. आमचा शेतकरी उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत भरतो. पावसाळाभर चाळ निवडत राहतो. सडका, कोंब आलेला बाहेर. दिवाळीच्या सुमारास जो टणक, बारीक मानेचा, एकसारख्या रंगाचा उरतो, त्यातून बियाण्याचे कांदे काढतो. काही जण वरचा तिसरा हिस्सा विळ्याने कापून पाहतात. आत एकच डोळा असेल तर लावायचा, दोन असतील तर स्वयंपाकघरात. मग डोंगळे, त्यावर मधमाश्या, आणि उन्हाळ्यात काळे बी. पिढ्यान्पिढ्या चाललेली ही निवड डार्विनच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. निफाडची एन-53, पिंपळगावची बसवंत 780 या जाती कागदावर आल्या, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. पण गावोगावचे घरचे बी मात्र बिननावाचे राहिले. ते एका हंगामात मोडू शकते. कांद्याचे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते आणि शेजारच्या डोंगळ्यावरची माशी कुणाला विचारून येत नाही.

माझी मागणी साधी आहे. या दोन दिवसांत नवनवीन यंत्रांवर बोला, पण जाताना इथल्या शेतकऱ्यांच्या घरचे बी नमुन्यादाखल घेऊन जा. कोणत्या गावचे, किती वर्षांचे, चाळीत किती टिकते, हे लिहून घ्या आणि त्याचा जनुकसंच तपासा. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापा, आमची हरकत नाही. मात्र ज्याच्या चाळीतून बी नेले, त्याच्या दारी तोच निष्कर्ष मराठीत पोहोचवा. नमुने देणारे काही शेतकरी याच सभागृहात मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांना गाठा.

बियाण्याच्या कांद्याची शेते पाहायला उद्या सकाळी सातला बस निघेल. डोंगळे सध्या ऐन फुलात आहेत, तेव्हा मधमाश्यांचे भय असणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. जेवणात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची पंगत वेगळी आहे, स्वयंसेवकांकडे नावे द्यावीत. आता संमेलनाध्यक्षांना बोलण्याची विनंती करतो.