तोच तीळ, दोन मर्यादा

संक्रांत आठवड्यावर आलीये, म्हणून आज तिळाबद्दल.

सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचा अंश सापडल्याचं बेल्जियमने युरोपभर कळवलं. देशोदेशींच्या दुकानांतून तीळ लावलेले पाव, बिस्किटं परत घेतली गेली आणि भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायचं ठरलं. त्या संक्रांतीला ब्रसेल्सच्या माझ्या मावसबहिणीने शेंगदाण्याचे लाडू केले. मी मात्र इथे न्यू जर्सीत नेहमीच्या दुकानातून दोन पौंड तीळ आणले!

हा वायू साठवणीच्या मालाला बंद खोलीत देतात. कीड तर मरतेच, पण तिळा-मसाल्यात खरा उद्देश साल्मोनेलासारखे जंतू मारण्याचा. वायू बराचसा उडून जातो, पण अन्नातल्या क्लोराइडशी मिळून त्याचं क्लोरोइथेनॉल होतं, ते मागे राहतं. युरोप दोन्ही मिळून मोजतो आणि तिळाला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा लावतो. अमेरिकेत नुसत्या वायूलाच ७ मिलिग्रॅम चालतात, क्लोरोइथेनॉलचा हिशेब वेगळा. म्हणजे १४० पट फरक, तोही कमीत कमी.

मी आयटीतला, वर एमबीए. आकडा दिसला की त्याला हिरवा नाहीतर लाल रंग देऊन मोकळं व्हायची सवय. वाटलं, दोघांपैकी एक चुकतोय. पण ०.०५ म्हणजे 'इथवर खा, काही होत नाही' असं नाहीच. युरोपात अन्नाला हा वायू द्यायलाच बंदी आहे. त्याने माणसाला कर्करोग होतो, पेशींतल्या डीएनएला तो इजा करतो, म्हणून अमुक इतका सुरक्षित असं तिथे धरत नाहीत. प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल तेवढ्यावर रेघ ओढली आहे. अमेरिकेत वापराला परवानगी आहे, म्हणून नियमाने वापरल्यावर उरेल त्याला जागा ठेवली आहे. आणि साल्मोनेला काही काल्पनिक नाही, हेही खरं.

दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "भाई, आजवर कोणी विचारलं नाही."

भाजल्याने जंतूंचा धोका कमी होतो, पण क्लोरोइथेनॉल जाईलच असं नाही. अमेरिकेत ऑर्गॅनिक मालाला हा वायू देता येत नाही, त्याच्यासाठी वाफेसारखे उपाय आहेत. यंदा मी ती पिशवी आणली. महाग पडली. बायको म्हणाली, "मग लाडू छोटे वळू."