माणसाचीही बांधबंदिस्ती करा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, पीकविम्यावर झाले. माझ्या वाट्याला आलेल्या विषयाला टाळ्या पडत नाहीत. शेतात काम करताना माणसाचा जीव जाऊ नये, हात तुटू नये, यासाठी आधी काय करायचे, हा तो विषय.

आधी करायच्या कामाचे महत्त्व कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. शेवगाव-पाथर्डीचा कापूसवाला घ्या, नाहीतर जामखेड-कर्जतचा ज्वारीवाला घ्या. पाऊस कोसळायला लागल्यावर बांध घालायला कोणी निघत नाही. बांधबंदिस्ती उन्हाळ्यातच होते. ज्वारीच्या बियाण्याला पेरणीआधी गंधक चोळतो, कारण कणसात काणी दिसल्यावर गंधकाचे पोते ओतले तरी उपयोग नाही. पिकाच्या बाबतीत आपण असे शहाणे. माणसाच्या बाबतीत मात्र उलटा कारभार. माणूस पडला की पळापळ, गाडी शोधा, उसनवारी करा. तो वाचला तर नवस फेडतो, गेला तर म्हणतो, त्याची वेळ भरली होती.

वेळ भरली नव्हती. बंदोबस्त नव्हता.

वाकडीची विहीर

लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी गावात, ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहिरीत पाणी नव्हते, शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण उतरले, पाच दगावले. सहावा वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढता आले.

या गोष्टीत भित्रा कोणीच नव्हता. एकमेकांसाठी जीव देणारी माणसे होती. धाडसाची उणीव नव्हती, उणीव माहितीची होती. बंद जागेत शेण कुजते तेव्हा विषारी वायू तयार होतो आणि हवेतला प्राणवायू उरत नाही. या वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास नाही म्हणून धोका नाही, असे समजून उतरणारा दोन-चार श्वासांत कोसळतो. जुने लोक विहिरीत कंदील सोडून बघत. शेणाच्या खड्ड्यात तेही करू नका. तिथला वायू पेट घेतो.

म्हणून नियम एकच. अशा खड्ड्यात कोणी उतरायचे नाही. मांजरासाठी नाही, माणसासाठीही नाही. वरून दोर सोडा, अग्निशमन दलाला बोलवा. आणि त्याच्याही आधीचे काम म्हणजे खड्ड्यावर झाकण आणि भोवती कुंपण. त्याला फार तर दोन दिवसांची मजुरी लागते.

यवतमाळने काय शिकवले

आता कापसाकडे येऊ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. कितीकांची दृष्टी काही दिवस गेली.

ते औषध प्यायले नव्हते, भावांनो. ते काम करत होते.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. गुलाबी बोंडअळीने बीटी बियाण्याला दाद देणे सोडले होते, म्हणून फवारण्या वाढल्या. एकाच पंपात दोन-तीन औषधे, वर टॉनिक. पॉवर पंपाचे बारीक तुषार, दाट पीक, दमट उकाडा. उंच कपाशीवर मारलेले औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर पडत होते. घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत जाते, ते नाकातोंडानेच जावे लागते असे नाही. पाठीवरचा पंप गळत असेल तर माणसाची पाठ दिवसभर औषध पिते.

मग सरकार जागे झाले. पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. त्यांतल्या मोनोक्रोटोफॉसवर केंद्राचा बंदीचा आदेश यायला २०२३ साल उजाडले. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, नियम १९७१ चे आहेत. त्या नियमांत संरक्षक कपड्यांचीही तरतूद आहे. कायदा कागदावर होता, कपडे अंगावर नव्हते.

आपण काय करायचे? डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. निळ्या-हिरव्याने काम भागत असेल तर लाल-पिवळा मागू नका. लेबलावर लिहिले नसेल तर औषधे एकत्र करू नका, दुकानदार सांगतो म्हणून तर मुळीच नाही. पक्के बिल घ्या. वेळ आलीच तर कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरला त्यावरून आणि डब्यावरून कळते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क आणि पायात बूट असल्याशिवाय पंप पाठीला लावायचा नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, वारा पाठीशी घेऊन. नोझल तोंडाने फुंकायचे नाही. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही. पीक डोक्यावर गेले असेल तर आत शिरून फवारायचे नाही. डोक्याइतक्या उंचीच्या कपाशीत एका फवारणीने जेवढे बोंड वाचेल, त्यापेक्षा माणूस महाग आहे.

मायबहिणींना वेगळे सांगतो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, हातमोजे घालून वेगळे धुवा. रिकाम्या डब्यात पाणी की तेल, काहीच भरू नका. डबा भोके पाडून निकामी करा. फवारलेल्या रानात लगेच खुरपायला जाऊ नका. मालकाने रानाच्या तोंडाशी काठीला लाल फडके बांधावे, म्हणजे न विचारता कळेल.

आणि लक्षणे ओळखा. डोळ्यांपुढे अंधारी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, उलटी, दरदरून घाम, अंग थरथरणे. यांतले काही दिसले की काम बंद. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, बळेच उलटी करवू नका, डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. झोपला की बरे वाटेल, असे म्हणून घरी ठेवलेला माणूस सकाळी सापडत नाही.

खळ्यावरचे यंत्र

ज्वारीच्या खळ्यावर बैल फिरायचे तेव्हा हात तुटत नव्हते. मळणी यंत्र आले आणि तुटू लागले. धोकादायक यंत्रांसाठी १९८३ साली केंद्राने कायदा केला, तो मळणी यंत्रासाठीच प्रामुख्याने होता. कणसे टाकायचे तोंड लांब आणि वरून झाकलेले असले की हात ड्रमपर्यंत पोचत नाही. एवढे साधे आहे ते. भाड्याने यंत्र आणताना दर विचारतो, तसे तोंडही बघा. आखूड, उघडे तोंड असेल तर यंत्र परत पाठवा. पट्ट्यावर आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर जाळी हवी. पदर खोचलेला, बाह्या आवळलेल्या, गळ्यात उपरणे नको. रात्री उशिरापर्यंत, पेंगत्या डोळ्यांनी मळणी नको. कडबा कुट्टीलाही हेच लागू.

वीज रात्रीची येते म्हणून आपण रात्री दारे धरतो आणि सापावर पाय पडतो. म्हणून दिवसा वीज ही केवळ सोयीची मागणी नाही, जिवाची आहे. ती मिळेपर्यंत बॅटरी आणि बूट सोडू नका. ओल्या हाताने स्टार्टरला हात नको, डीपीवरचा फ्यूज आपण टाकायचा नाही.

भाव कोण देणार?

कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण पैसे कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ साली कायदा झाला. त्याच्या सुरक्षेचा खर्च मालाच्या किमतीत बसतो, गिऱ्हाईक तो देते. आपल्या मालाचा भाव आपण ठरवत नाही, म्हणून आपला खर्च आपल्या कातडीवर पडतो. हातमोजे, मास्क आणि जाळीचा खर्च उत्पादन खर्चात धरला पाहिजे, ही आपली मागणी राहील.

दुसरी मागणी मजुरासाठी. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या पाठीवर पंप असतो तो बहुधा भूमिहीन मजूर. त्याला यात जागा नाही. ती मागितली पाहिजे, आणि शेतकऱ्यांनीच मागितली पाहिजे. तो आपल्या रानात मरतो.

पण भाव मिळेपर्यंत आणि मागण्या मान्य होईपर्यंत आपण जिवंत राहायचे आहे. ते सरकारवर सोडता येत नाही. तेव्हा पेरणीआधी प्रत्येक गावाने चार कामे करायची:

एक, गावातल्या उघड्या विहिरी आणि शेणखड्डे मोजून झाकायचे.
दोन, वर्गणी काढून फवारणीच्या कपड्यांचे चार-पाच संच गावात ठेवायचे. पंप उसना देतो तसे तेही द्यायचे.
तीन, गळके पंप आणि उघडी यंत्रे आताच दुरुस्त करायची.
चार, सर्पदंशाची लस आणि विषबाधेवरचे इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे, हे आज विचारून ठेवायचे. रात्री बारा वाजता विचारायची ती गोष्ट नाही.

पुढच्या बैठकीला येताना कोणत्या गावाने काय केले, ते लिहून आणा. इथे वाचून दाखवू.