टॉवरवरचा जुळारी



माळ्यावर साठच्या दशकातला ट्रान्झिस्टर पडला असेल तर खाली काढा. सेल घाला, मीडियम वेव्हवर काटा ७९२ वर आणा. चालू असला तर पुणे केंद्र लागेल. मुंबईहून १९२७ साली प्रक्षेपण सुरू झाले तेव्हाची एएम पद्धत आजही तीच आहे, त्यामुळे त्या सेटला आयुष्यात नवे काही शिकावे लागलेले नाही.

मोबाइल इंटरनेटला हे सुख नाही. तिथली पद्धत दर काही वर्षांनी बदलते, आणि टॉवरवरची पेटी, जिला बेस स्टेशन म्हणतात, ती मात्र दहा वर्षे तरी टिकावी असा कंपनीचा हिशेब असतो. पद्धत बदलली की पेटी बदला, हे एका टॉवरला ठीक आहे. हजारो टॉवर, प्रत्येकाला माणूस, दोर, परवानगी आणि बंद पडलेली सेवा असा खर्च मांडला की कंपनी घाम पुसते. तेव्हा पेटी तीच ठेवून तिच्यातली चिप जागेवर बदलता येईल का? येते. कशी, ते आज सांगतो.

ज्यांनी खिळ्यांचे छापखाने पाहिले आहेत त्यांना हे लवकर कळेल. मजकूर छापायचे दोन मार्ग होते. एक, अख्खा ठसा कोरून घ्यायचा: छपाई सुबक, पण एक काना चुकला तरी ठसा फुकट. दुसरा, जुळाऱ्याने खिळे जुळवायचे. काम झाले की तेच खिळे सोडवून दुसरे पान. एकाच कामासाठी घडवलेली चिप म्हणजे कोरलेला ठसा. तिला एसिक म्हणतात. खिळ्यांच्या चिपला एफपीजीए हे अवघड नाव आहे. झायलिंक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी रॉस फ्रीमन यांची ही कल्पना. १९८५ साली आलेल्या पहिल्या चिपमध्ये असे ६४ खिळे होते, आज ते लाखांत असतात. प्रत्येक खिळा म्हणजे एक चिमुकला तक्ता: अमुक आत आले तर तमुक बाहेर द्यायचे. तक्ते वेगळे भरले की मंडल वेगळे.

गंमत अशी की यातल्या बहुतेक चिप विसराळू असतात. वीज गेली की सगळे तक्ते पुसले जातात. वीज आली की शेजारच्या मेमरीतून ती आपण कोण हे पुन्हा वाचून घेते. म्हणजे कचेरीत बसून त्या मेमरीतली फाइल बदलली आणि पेटी बंद करून चालू केली, की टॉवरवर दुसरेच यंत्र उभे राहते.

याची खरी कसोटी लागली वायमॅक्स या बिनतारी इंटरनेटच्या पद्धतीच्या वेळी. घराच्या भिंतीवर ठोकलेल्या अँटेनासाठीचे मानक २००४ साली मंजूर झाले. त्यात माहिती २५६ बारीक लहरींवर वाटून पाठवायची होती. फिरत्या ग्राहकांसाठीचे मानक आले डिसेंबर २००५ मध्ये. त्यात लहरींची संख्या ५१२, १०२४ अशी उपलब्ध पट्ट्याप्रमाणे बदलणारी, शिवाय एकाच वेळी त्या अनेक ग्राहकांत वाटायच्या. दोन्ही पद्धतींचे एकमेकींशी जुळेना. मधल्या दीड वर्षात ज्यांना पेट्या विकायच्या होत्या त्यांनी काय करावे? ठसा कोरणारे अडकले. अल्टेरा आणि झायलिंक्स या चिप कंपन्यांनी खिळे विकले. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या पिकोचिप कंपनीने तिसराच मार्ग काढला: एका चिपवर तीनशेहून अधिक छोटे प्रोसेसर, आणि सगळी पद्धत सॉफ्टवेअरमध्ये.

लवचीकपणा फुकट मिळत नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या कुऑन आणि रोझ यांनी त्याच सुमारास मोजले, तेव्हा नुसत्या खिळ्यांनी केलेल्या कामाला एसिकच्या ३५ ते ४० पट जागा लागत होती आणि वेग तीन-चार पटींनी कमी भरत होता. विजेचे बिल वेगळेच. पुढे तयार गुणाकार-मंडले चिपवर आली आणि हे अंतर कमी झाले, पण संपले नाही. अल्टेराची हार्डकॉपी ही तोड मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: आधी खिळ्यांवर चुका काढून घ्या, मानक स्थिरावले की त्याच मजकुराचा ठसा पाडा. मुद्रितशोधनाआधी ठसा कोरणाऱ्या छापखान्याचे पुढे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

वायमॅक्स मात्र हरले. आपल्याकडे २०१० साली ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला. २०१२ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात एअरटेलने त्या पट्ट्यावर सेवा सुरू केली ती एलटीईची, म्हणजे फोर-जीची. सुदैवाने दोन्ही पद्धतींचा पाया एकच, बारीक लहरींचा. ज्यांच्या पेटीत खिळे होते त्यांना ओढा ओलांडता येण्यासारखा होता.

आता जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट. चिप कितीही बदला, तिच्या पुढचे गाळणी-मंडल, शक्तिवर्धक आणि अँटेना हे धातूचे आणि ठरावीक लहरींसाठी घडवलेले असतात. त्यांना फाइल पाठवून काही शिकवता येत नाही. आणि चिपमध्ये मोकळी जागाच ठेवली नसेल तर नवा मजकूर बसणार कुठे? पहिल्या दिवशी स्वस्त पडावी म्हणून काठोकाठ भरलेली चिप ‘अपग्रेडेबल’ म्हणून विकणे ही माझ्या मते शुद्ध फसवणूक आहे.

ताजे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे देशी फोर-जी जाळे सुरू झाले आणि ते सॉफ्टवेअरने फाइव्ह-जीवर जाईल असे जाहीर झाले. ७०० मेगाहर्ट्झचा रेडिओ वर बसलेला असेल तिथे त्याच पट्ट्यावर हे शक्य आहे. पण सरकारने बीएसएनएलला ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टाही दिला आहे. त्याचा रेडिओ फाइलमधून येत नाही, तो दोर घेऊन टॉवरवर चढवावाच लागतो.