मांजरीच्या अंगावरचे चट्टे आणि घरातली लेकरं

कामं आटोपली असतील तर घडीभर बसा, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका.

आपल्या अकोले तालुक्यात बहुतेक घरी मांजर असतंच. कणगीतलं भात उंदरांपासून तीच राखते. गाय आजारी पडली की आपण लगेच डॉक्टरांना बोलावतो. मांजरीचे केस गळाले तर म्हणतो, 'होईल बरी आपोआप.' मीही तेच म्हटलं होतं.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. आमच्या मनीच्या कानामागं रुपयाएवढी जागा उघडी पडली. ती खाजवतही नव्हती. नात तिला रोज गोधडीत घेऊन झोपायची. काही दिवसांनी नातीच्या मानेवर गोल लाल चट्टा उठला. दुकानातून मलम आणलं. खाज थांबली, पण चट्टा पसरतच गेला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात मांजर आहे का?" ते गजकर्ण होतं. मलमात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, बुरशी मात्र वाढते.

मी आणखी एक चूक केली. गोठ्यातलं गोचिडाचं औषध मनीला लावलं. थोड्याच वेळात तिला लाळ सुटली, अंग थरथरायला लागलं. कोमट पाण्यानं आणि साबणानं धुऊन तसंच पशुवैद्यकांकडे पळवलं, म्हणून वाचली. गाईला चालणारं ते औषध मांजरीच्या शरीराला पचत नाही, शिवाय ती अंग चाटते. म्हणून रॉकेल, फिनेल, जळकं ऑइल यांतलं काहीच लावू नका. आपली तापाची पॅरासिटामॉल तर तिच्यासाठी विषच.

आता ओळखायचं कसं? केस तुटलेले, कोंडा धरलेला गोल डाग असेल तर गजकर्णाची शंका घ्या. कानाच्या कडेपासून तोंडाकडे जाड खपल्या आणि भयंकर खाज असेल तर ती बहुधा खरूज. शेपटीच्या बुडाशी केस विरळ असतील तर फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. लालसर डाग उमटला तर त्या पिसवा. पण नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

गजकर्णाचं औषध कित्येक आठवडे चालतं. केस आले म्हणून मधेच बंद करू नका. तोवर मांजर वेगळ्या खोलीत ठेवा, लेकरांना तिच्याजवळ झोपू देऊ नका, हात लावला की साबणानं धुवा. गळलेल्या केसांत बुरशी महिनोन्‌महिने टिकते. म्हणून घर रोज झाडा, ओल्या फडक्यानं पुसा. तिचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे ऊन कुठलं! तेव्हा जुनं फडकं अंथरा आणि नंतर जाळून टाका. घरातल्या दुसऱ्या मांजरीही तपासून घ्या, काहींच्या अंगावर काहीच दिसत नाही.

औषध लावताना ती बोचकारली किंवा चावली, तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा. रेबीजच्या लशीचं तिथं विचारा.

आणि मैत्रिणींनो, चट्टे दिसले म्हणून तिला पोत्यात घालून लांब सोडू नका. बुरशी घरातच राहील, आणि कणगीत उंदीर येतील. आमची मनी आता चुलीपाशी बसते, नातीची मानही स्वच्छ झाली. दोघींना औषध एकाच वेळी सुरू केलं, म्हणून हे जमलं.

आज संध्याकाळी आपल्या मांजरीच्या कानामागं एकदा बघाच. रामराम!