नव्या मळ्यावरचे पहिले वर्ष

(समाजसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूर येथे दिलेले भाषण)



माळीनगरच्या वसाहतीविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेच्या चिटणीसांनी केली. आज्ञा मी शिरसावंद्य मानली. परंतु कारखान्याचा इतिहास सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. भागभांडवल किती जमले, यंत्रे कोठून आली, पहिल्या हंगामात किती ऊस गाळला गेला, हे सांगणारे जाणकार या मंडपातच बसले आहेत. मी आज आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत सांगणार आहे. तो मुलगा म्हणजे माझे वडील. १९३२ सालच्या दसऱ्यानंतर ते सासवडहून बैलगाडीत बसून या जिल्ह्यात आले. ही हकीकत त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि तीही त्यांच्या अखेरच्या आजारपणात.

स्थलांतर आपल्या समाजाला नवीन नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे. तेथून ते पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले आणि पुढे पुण्यास गेले. पाणी जिकडे, माळी तिकडे, ही आपली जुनी रीत. नीरेचा डावा कालवा झाला, तेव्हा सासवडची मंडळी बारामती-इंदापूरकडे उतरली. गोदावरी आणि प्रवरेचे कालवे झाले, तेव्हा कोपरगाव-श्रीरामपूरकडे गेली. श्रीरामपूरच्या महाविद्यालयास रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव आहे, ते त्याच वाटचालीचे स्मरण होय. १९२८ साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी फलटण ओलांडून माळशिरस तालुक्याच्या कोरड्या माळांवर खेळू लागले. मग आपली माणसे इकडे वळली.

परंतु काळ कठीण होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. ढेप विकून खंडाचे आणि पेंडीचे पैसेही सुटेनात. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी सासवडच्या माळी बागाइतदारांनी आपली कंपनी उभी केली, ती ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी ऊस पिकविणाऱ्यांनी स्वतःच्या भागांवर कारखाना काढला, ही साधी गोष्ट नव्हे. त्याचा अभिमान आपण दरवर्षी याच व्यासपीठावरून व्यक्त करतो, आणि तो रास्त आहे.

आता त्या मुलाकडे येतो.

माझे आजोबा काही थोर भागधारक नव्हते. थोडी जमीन खंडाने घेऊन ऊस करावा, एवढ्याच उमेदीने ते निघाले. गाडीत बेण्याच्या कांड्या, जाते, हंडे, आजी आणि दोन मुले. वडील आठ वर्षांचे आणि त्यांची धाकटी बहीण चार वर्षांची. आजोबांच्या आई मात्र आल्या नाहीत. “कऱ्हेचं पाणी सोडून मी कुठं येनार न्हाई,” असे सांगून त्या दारात उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी गाडी मळ्यावर पोहोचली. मळा हे नाव झाले. होते फक्त कुसळांचे रान, मध्ये नुकतीच काढलेली चारी आणि पाचटाने शाकारलेले एक खोपट. शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नव्हते. वडील म्हणत, “पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, ती भीतीने नव्हे. मोट ऐकू येईना, म्हणून.” सासवडला घराच्या मागेच विहीर. पहाटे चाकाची करकर, थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा धबाका आणि मोटकऱ्याची हाळी यांनीच घराला जाग येई. येथे पाणी आपोआप येई आणि आवाजही करीत नसे. रात्री-बेरात्री पाटकऱ्याने दार उघडले, की ते मुकाट्याने सरीत शिरे. त्या मुलाला हे पाणी परके वाटे. चोरपावलांनी आल्यासारखे वाटे.

जमीनही परकी. पुरंदरची हलकी मुरमाड जमीन पायाला ओळखीची होती. येथील काळी माती ओली झाली की ढेकळे होऊन तळव्यांना चिकटे आणि वाळली की तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडत. सासवडहून आणलेली अंजिराची रोपे पाणी साचून कुजली. शाळा जवळ नव्हती. दुसरीत शिकणारा मुलगा दारे धरू लागला. पाण्याची पाळी रात्री आली, तर आजोबा फावडे घेऊन वरच्या अंगाला आणि हा मुलगा कंदील घेऊन सरीच्या शेवटाला. पाणी पोहोचले की त्याने ओरडायचे. अंधार, साप आणि गुडघाभर गारठा यांत तो आठ वर्षांचा जीव पाण्याची वाट पाहत उभा राही.

तेथे त्याला एक सोबती भेटला. माळशिरसचा तो भाग मेंढपाळांचा. शेतात मेंढ्या बसवायला आलेल्या एका धनगर कुटुंबात त्याच्या वयाचा मुलगा होता. आरंभी तो याच्या बोलण्याची नक्कल करून हसे. पुढे त्यानेच चालण्याआधी काठी आपटावी कशी, ढगांवरून वाऱ्याची दिशा ओळखावी कशी, हे याला शिकविले. एकदा तो सहज म्हणाला, “तुमचा ऊस हाय न्हवं, तितं आमची मेंढरं चरायची.” वडील सांगत, “त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.” बंधूंनो, आपण ओसाड रान फुलविले असे म्हणतो, परंतु ते रान कोणाचे तरी होते. पुढे १९६१ च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्याने साखर कारखान्यांच्या जमिनी गेल्या, १९६३ साली शेती महामंडळ झाले आणि मूळ खंडकऱ्यांना आपल्या जमिनीसाठी पिढी-दीडपिढी झगडावे लागले. ही बाजूही आपल्या इतिहासात लिहिली गेली पाहिजे.

आता जे सांगायचे, ते थोडक्यात सांगतो. कालव्याबरोबर हिवतापही आला होता. पाझराची डबकी, दाट ऊस आणि डास. १९३३ च्या ज्येष्ठात धाकटीला थंडी वाजून ताप भरला. कोयनेल मिळेपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चारीच्या कडेला तिला माती दिली.

सासवडला पत्र लिहायचे ठरले, पण ते जाऊन पोहोचण्याआधीच तिकडून सोपानकाकांची पालखी निघाली होती आणि पणजीबाई दिंडीत चालू लागल्या होत्या. ती पालखी अकलूजवरून पंढरीस जाते, हे आपण जाणताच. आजोबा मुलाला घेऊन अकलूजला गेले. गर्दीत पणजी भेटल्या. नातवाला पोटाशी धरून त्यांनी गाठोडे सोडले आणि एक लहानसा परकर काढला. खणाचा, हाताने शिवलेला. “आन् धाकली कुठं हाय रं? तिला का न्हाई आनली?”

आजोबा मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा तो मुलगा म्हणाला, “आजी, ती न्हाई आता.”

पणजींनी परकराची पुन्हा घडी घातली. त्या रडल्या नाहीत, मुलाला रागावल्या नाहीत की लेकाला ‘मी सांगत नव्हते का?’ असेही म्हणाल्या नाहीत. टाळ वाजू लागले तशा त्या दिंडीबरोबर पुढे गेल्या. मुलगा वाटभर वडिलांना विचारीत होता, “मी बोललो ते चुकलं का?” आजोबांनी त्याला खांद्यावर घेतले, एवढेच.

पौर्णिमा उलटली. पंढरीहून परतणारे लोक सासवडकडे निघाले. पणजी मात्र एका गाडीवाल्याला विनवून मळ्यावर उतरल्या. आल्या त्या आल्याच. पुन्हा सासवडला राहण्यास गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दळायला बसल्या आणि जात्यावर गाऊ लागल्या. वडील म्हणत, “त्या दिवशी मला प्रथमच मोटेवाचून जाग आली. तेव्हापासून तो मळा आमचा झाला.” पुढे पणजींनी धनगराच्या म्हातारीशी बहिणीचे नाते जोडले आणि नातवाचा हात धरून त्याला दूरच्या गावच्या शाळेत घालून आल्या. दोन वर्षे वाया गेली होती. तरी तो शिकला. आज मी तुमच्यापुढे उभा आहे, तो त्या पायपिटीमुळे.

सावता महाराजांचे अरण याच जिल्ह्यात आहे. मळा हीच त्यांची पंढरी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु माझ्या पणजीने मला एक निराळा अर्थ शिकविला. रान पाण्याने भिजते, खताने पिकते. पण तेथे पोर रुजायचे असेल, तर कोणीतरी मोठे माणूस आपले जुने दार सोडून त्याच्याजवळ येऊन बसावे लागते.

मंडळी, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. आपला जिल्हा आज साखरेच्या अग्रगण्य जिल्ह्यांत मोजला जातो. उजनीच्या धरणासाठी भीमाकाठची गावे उठली, त्यांची पोरेही अशीच नव्या माळावर जाऊन वाढली. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या गाड्या आपल्या शिवारात येतात. त्या गाड्यांत संसार असतो, कोंबड्या असतात आणि आठ वर्षांची मुले असतात. पाचटाच्या कोपीत ती राहतात. आईबाप पहाटे फडात गेले, की धाकट्या भावंडाला सांभाळीत बसतात. त्यांच्या गावची शाळा तिकडे राहते. साखरशाळांचे प्रयत्न झाले, कोठे टिकले, कोठे बंद पडले. माझ्या वडिलांची दोन वर्षे बुडाली. या मुलांचे दरसाल निम्मे वर्ष बुडते.

यंदा संस्थेच्या शिल्लक रकमेचे काय करावे, हा ठराव आजच्या बैठकीपुढे आहे. सभागृहाला संगमरवरी फरशी घालावी, अशी एक सूचना आली आहे. मी तिला विरोध करीत नाही. फक्त एवढेच विनवितो, की आपल्यापैकी ज्यांच्या शेतात तोड चालते, त्यांनी आपल्या फडावरची मुले मोजावीत, त्यांना जवळच्या शाळेत नेऊन बसवावे, आणि पाटीपुस्तकाचा व जाण्यायेण्याचा खर्च संस्थेने करावा. ती मुले आपल्या जातीची असतील वा नसतील. धनगराच्या त्या पोराने माझ्या वडिलांना काठी आपटायला शिकविले, तेव्हा त्याने जात विचारली नव्हती.

तो खणाचा परकर पणजींनी कोणाला दिला नाही. आमच्या घरी तो आजही आहे. वडिलांच्या मागे पेटी उघडली, तेव्हा त्याची घडी तशीच होती.